गाडी उंचावली, तोलाचे काय?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या रस्त्यांवर उंचावलेल्या जीपगाड्या हल्ली सहज नजरेस पडतात. उंची विकत घेणे सोपे आहे. तिला आवरणारा धक्काशोषक निवडणे मात्र अभियांत्रिकीचा, कायद्याचा आणि शेजाऱ्याच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रस्त्यांवरील खड्डे आणि उघडी मॅनहोल यांमुळे मृत्यू ओढवल्यास मृताच्या वारसांना ६ लाख रुपये, तर जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. सुस्थितीतील रस्ता हा नागरिकाचा हक्क आहे, हे या न्यायालयाने त्यापूर्वीही बजावले होते. पण आदेशाने खड्डा बुजत नाही. कल्याण परिसराने २०१८ च्या पावसाळ्यात खड्ड्यांमुळे गेलेले जीव मोजले आहेत. शासनाकडून आशा उरली नाही की माणूस स्वतःपुरता तोडगा शोधतो. ज्याच्या खिशात चार पैसे आहेत, त्याचा हल्लीचा तोडगा म्हणजे उंच गाडी. आणि ती पुरेशी उंच वाटली नाही, तर गॅरेजमध्ये नेऊन आणखी उंच करून घेणे.

२०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात विकल्या गेलेल्या प्रवासी वाहनांपैकी सुमारे ६५ टक्के वाहने युटिलिटी प्रकारातील होती. त्यांतील खऱ्या अर्थाने आडवाटेसाठी बांधलेल्या गाड्या थोड्याच. महिंद्राची थार, फोर्सची गुरखा, मारुतीची जिम्नी, आणि अजूनही जिवापाड सांभाळलेल्या जुन्या जीप व जिप्सी. उंचावण्याचा सोस प्रामुख्याने याच गाड्यांच्या वाट्याला येतो. आपल्या पट्ट्यात त्याला भूगोलाचीही साथ आहे. बदलापूरहून बारवी धरण, कोंडेश्वर आणि मुरबाडमार्गे माळशेज, तर अंबरनाथहून मलंगगडाचा पायथा, अशी रविवारच्या भटकंतीची ठिकाणे हाताशी आहेत. त्यामुळे दोन इंची ‘लिफ्ट’ घ्यावी की तीन इंची, या चर्चेला तोटा नाही. धक्काशोषकाची, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील ‘शॉकअप’ची चर्चा मात्र ‘कडक टाका’ या दोन शब्दांत आटोपते. खरी अडचण येथूनच सुरू होते.

वजन पेलतो कोण, आवरतो कोण?

गाडीचे वजन पेलतात ते पाटे किंवा कॉइल स्प्रिंग. धक्काशोषक वजन पेलत नाही आणि, काही अपवाद वगळता, गाडी उंचही करत नाही. खड्ड्यात चाक आपटले की स्प्रिंग दबते आणि शोषलेली ऊर्जा परत फेकते. तिला कोणी आवरले नाही, तर गाडी खड्डा ओलांडून गेल्यावरही डोलत राहील. नळीतील तेल बारीक झडपांतून ढकलून त्या हालचालीची उष्णता करणे, एवढेच धक्काशोषकाचे काम. गाडी दबताना होणारा विरोध आणि उसळताना होणारा विरोध या दोन वेगळ्या गोष्टी असून, साधारणपणे उसळीचा विरोध अधिक ठेवलेला असतो. कारण दबलेल्या स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा परत येताना आवरायची असते.

डोलणाऱ्या गाडीत नुसती गैरसोय नसते. जितका वेळ चाक जमिनीवरून उचललेले, तितका वेळ ब्रेक आणि स्टिअरिंग निरुपयोगी. म्हणून धक्काशोषकाकडे आरामाचे नव्हे, सुरक्षेचे साधन म्हणून पाहिले पाहिजे. गाडी उंचावली की त्याची जबाबदारी वाढते, कारण गुरुत्वमध्य वर गेलेला असतो. उदाहरणादाखल, दोन चाकांमधील अंतर १५२० मिमी आणि गुरुत्वमध्याची उंची ७२० मिमी असलेली गाडी घेऊ. अंतराच्या निम्म्याला उंचीने भागले की येणारा आकडा गाडीचे स्थैर्य ढोबळमानाने सांगतो. येथे तो १.०६ येतो. तिची उंची अशी वाढवली की गुरुत्वमध्य ६५ मिमी वर गेला, तर तोच आकडा ०.९७ वर उतरतो. म्हणजे उलटण्याविरुद्धची राखीव शिल्लक सुमारे आठ टक्क्यांनी घटली. जगातला कोणताही महागडा धक्काशोषक ही शिल्लक परत मिळवून देत नाही. तो एवढेच करू शकतो की वळणावर किंवा अचानक मार्ग बदलताना गाडी एकदम न कलता सावकाश कलेल, आणि चालकाला सावरण्यास क्षणभर मिळेल.

उंची कशासाठी?

म्हणून पहिला प्रश्न धक्काशोषकाचा नसून उंचीचा आहे. खड्ड्यांसाठी उंची हवी, हे उत्तर सर्वांत जास्त ऐकू येते आणि तेच सर्वांत कच्चे आहे. मूळ थारचा तळ जमिनीपासून २२६ मिमी, तर जिम्नीचा २१० मिमी वर असतो. काटई-बदलापूर किंवा कल्याण-अंबरनाथ रस्त्यावरचा कोणताही खड्डा या गाड्यांच्या तळाला सहसा लागत नाही. खड्डा चाकाला आणि चाकातून मणक्याला लागतो. त्यावर इलाज हवा असेल, तर तो योग्य हवेचा दाब, सुस्थितीतील रबरी बुश आणि न गळणारा मूळ धक्काशोषक हा आहे. म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार.

दुसरे उत्तर पुराचे. बदलापूरने २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये उल्हास नदीचा पूर पाहिला. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. हे दृश्य पाहिलेल्या माणसाला उंच गाडीचा मोह पडणे समजण्यासारखे आहे. पण सुमारे ६० सेंटिमीटर खोलीचे वाहते पाणी बहुतेक गाड्या, एसयूव्हीसुद्धा, वाहून नेऊ शकते, असा इशारा अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा वर्षानुवर्षे देत आली आहे. उंचावलेल्या गाडीने पाण्याचा जोर कमी होत नाही. चालकाचा फाजील विश्वास तेवढा वाढतो.

तिसरे उत्तर दगडधोंड्यांच्या वाटेचे, आणि ते काही अंशी खरे आहे. मात्र त्यातही एक गोष्ट विसरली जाते. मागचा अखंड अ‍ॅक्सल असलेल्या गाडीत स्प्रिंग उंच केल्याने चेसिस वर जाते. अ‍ॅक्सलच्या मध्यभागी असलेला डिफरन्शियलचा फुगवटा होता तेथेच राहतो. तो वर उचलायचा तर टायरच मोठे हवेत. उंचीचा खरा लाभ समोरच्या आणि मागच्या बाजूने चढउतार करताना, पोट न टेकता उंचवटा पार करताना, आणि मोठे टायर बसवण्यास जागा मिळताना होतो. हे ज्याला दर महिन्याला खरोखर लागते, त्याने ४० ते ५० मिमीपर्यंतचा विचार करावा. उरलेल्यांनी पैसे टायरवर आणि देखभालीवर खर्च करावेत.

निवडीचा क्रम

उंची ठरली की धक्काशोषकाची निवड सुरू होते, आणि तिचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी वजन, मग स्प्रिंग, मग लांबी, मग झडपांचा विरोध, आणि सर्वांत शेवटी छाप व किंमत. बाजारात हा क्रम नेमका उलटा चालतो.

वजन म्हणजे कंपनीच्या पुस्तकातील आकडा नव्हे. पुढे लोखंडी बम्पर आणि विंच, वर कॅरिअर, मागे दुसरे जादा चाक, असे करत गाडी शे-दीडशे किलोंनी सहज जड होते. भरलेल्या टाकीसह आणि नेहमीच्या सामानासह गाडी वजनकाट्यावर नेऊन पुढच्या व मागच्या चाकांवरील भार वेगवेगळा मोजावा. औद्योगिक वसाहतींच्या या पट्ट्यात वजनकाटा शोधावा लागत नाही. त्या आकड्यांवरून स्प्रिंग ठरते आणि स्प्रिंगवरून धक्काशोषकाचा विरोध. गणित सोपे आहे. लागणारा विरोध स्प्रिंगची कडकी आणि वजन यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. स्प्रिंग २० टक्के कडक आणि वजन १० टक्के जास्त असेल, तर विरोध सुमारे १५ टक्के वाढवावा लागतो, दुप्पट नव्हे. ‘सर्वांत कडक टाका’ या हुकमाने मिळालेला धक्काशोषक हलक्या गाडीला खड्ड्याखड्ड्यावर उडवतो आणि चाक जमिनीवर टेकूच देत नाही. उलट, उसळताना विरोध अवाजवी असेल, तर लागोपाठच्या खड्ड्यांवर स्प्रिंगला पुन्हा उलगडायला वेळ मिळत नाही आणि गाडी हळूहळू खाली बसत जाते.

लांबी हा सर्वांत दुर्लक्षित, आणि म्हणूनच सर्वाधिक नुकसान करणारा भाग. समजा, मूळ गाडीत धक्काशोषकाला उभ्या स्थितीतून खाली ९० मिमी आणि वर ८० मिमी हालचाल आहे. स्प्रिंगने गाडी ५० मिमी वर उचलली आणि धक्काशोषक जुनाच ठेवला, तर खाली उरतात फक्त ४० मिमी. चाक खड्ड्यात उतरले की धक्काशोषक पूर्ण ताणला जातो आणि घणाचा घाव बसल्यासारखा आपले बोल्ट व कंस ओढतो. लांब धक्काशोषक घ्यावा, तर उलटी भीती. त्याची मिटलेली लांबी उपलब्ध जागेपेक्षा जास्त असेल, तर चाक पूर्ण वर गेल्यावर तो लोखंडी कांबीसारखा ठोकर देतो. नळी वाकते नाही तर कंस तुटतो. म्हणून मापे गाडीवरच घ्यावी लागतात. गाडी भक्कम आधारांवर उभी करून स्प्रिंग काढावी. अ‍ॅक्सल रबरी ठोकळ्यापर्यंत वर नेऊन दोन कंसांमधील अंतर मोजावे. मग ब्रेकचा होज, प्रोपेलर शाफ्ट आणि सांधे यांना ताण न येता अ‍ॅक्सल जितका खाली जाईल तितका नेऊन पुन्हा मोजावे. मिटलेली लांबी पहिल्या मापापेक्षा थोडी कमी हवी, उघडलेली लांबी दुसऱ्या मापाच्या आत हवी. दोन्ही साधत नसेल, तर रबरी ठोकळा उंच करावा, नाही तर उंचीचा हट्ट कमी करावा.

यात गाडीगणिक फरक पडतो. जुन्या जीप आणि जिप्सीला चारही चाकांवर पाटे असत. तेथे शॅकल लांब करून उंची मिळते, पण अ‍ॅक्सलचा कोन बदलून स्टिअरिंग भरकटते. जिम्नीला पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आणि कॉइल स्प्रिंग आहेत. तेथे उंचीबरोबर अ‍ॅक्सल एका बाजूस सरकतो, म्हणून आडव्या रॉडची दुरुस्ती आलीच. २०२० साली आलेल्या थारला पुढे दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तेथे धक्काशोषक गरजेपेक्षा लांब बसवला, तर बॉल जॉइंट आणि अर्ध्या शाफ्टचे सांधे त्यांच्या मर्यादेबाहेर ताणले जातात. धक्काशोषकाच्या माथ्यावर नुसती चकती बसवून मिळवलेल्या स्वस्त उंचीचा हाच धोका आहे. चकतीने धक्काशोषक सुधारत नाही. तो होता तसाच खाली सरकतो आणि सांध्यांवर अधिक कोन लादतो.

ठाण्याच्या मातीला काय मानवते?

परदेशी जाहिराती पाहून धक्काशोषक निवडणारे एक विसरतात, की त्या जाहिराती ऑस्ट्रेलियाच्या किंवा अमेरिकेच्या वाळवंटासाठी असतात. तेथे शेकडो किलोमीटर खवल्याखवल्यांच्या कच्च्या रस्त्यावर वेगाने गाडी चालते, तेल तापते आणि धक्काशोषक दमतो. म्हणून वेगळी तेलाची टाकी जोडलेले महागडे प्रकार तेथे शोभतात. लडाख किंवा कच्छला वर्षातून दोनदा जाणाऱ्याने त्यांचा विचार जरूर करावा. पण बारवीच्या किंवा मुरबाडच्या वाटेवर वेग असतो ताशी दहा-पंधरा किलोमीटर. येथील शत्रू उष्णता नसून चिखल, चार महिन्यांचा पाऊस, गंज आणि काळ्या दगडाची ठोकर हे आहेत.

मोनोट्यूब म्हणजे एकाच नळीचा, जास्त दाबाच्या नायट्रोजनचा धक्काशोषक चांगला निवतो आणि तत्पर प्रतिसाद देतो. पण त्या नळीला दगडाचा पोचा पडला, की आतील दट्ट्या अडकतो. ट्विन-ट्यूब म्हणजे दुहेरी नळीचा प्रकार तुलनेने मऊ. त्याच्या बाहेरच्या नळीला किरकोळ पोचा पडला तरी काम चालू राहते. आपल्या परिसरातील सामान्य वापरासाठी कमी दाबाचा नायट्रोजन भरलेला, जाड दांड्याचा, दांड्यावर चिखलरोधक आवरण असलेला दुहेरी नळीचा धक्काशोषक पुरेसा आहे. बाहेरून विरोध कमीजास्त करण्याची कळ असलेले प्रकार मोहात पाडतात. परंतु कळ चुकीच्या लांबीवर किंवा चुकीच्या स्प्रिंगवर उतारा नाही. घेण्यापूर्वी विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: मिटलेली व उघडलेली लांबी किती, तो किती वजनासाठी जुळवला आहे, आणि सील गेल्यास दुरुस्ती कोठे होते. या तिन्हींचे उत्तर नसेल, तर डबीवरील छापाला अर्थ नाही.

येथे उल्हासनगरचा विषय अपरिहार्यपणे येतो. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीत फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी हे शहर उभे केले. १९४९ मध्ये त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. कोणतीही वस्तू हुबेहूब घडवण्याच्या येथील हातोटीवरचा ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद जुना आहे, आणि त्यात टिंगलीइतकीच दादही आहे. शेजारच्या अंबरनाथ व बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत लेथवर कसबी हात आहेत. कंस, शॅकल, बुश ही कामे हे हात उत्तम करतील. धक्काशोषकाचे मात्र तसे नाही. त्याचे बाह्यरूप हुबेहूब करता येते, रंगही तोच देता येतो; आतील झडपांच्या चकत्यांची जाडी आणि तेलाची प्रत डोळ्यांना दिसत नाही. बनावट धक्काशोषक महिनाभर उत्तम चालतो आणि मग ऐन घाटात दम टाकतो. म्हणून हा एक भाग अधिकृत विक्रेत्याकडून, पावतीसह घ्यावा. १९६१ साली स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियाने मुलुंडपासून सुरुवात करून देशभर धक्काशोषक पुरवले. चांगली वस्तू परदेशातूनच यावी लागते असे नाही.

कायद्याचा आंधळा कोपरा

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असे बदल मालकाला करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ (४) नुसार, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. २०२२ मध्ये श्रीनगरच्या वाहतूक न्यायालयाने बदल केलेल्या थारच्या मालकाला याच कलमाखाली सहा महिन्यांची शिक्षा सुनावली, आणि चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले.

झिजलेल्या धक्काशोषकाच्या जागी त्याच मापाचा दुसरा बसवणे ही दुरुस्ती आहे. त्याला कोणी हरकत घेणार नाही. गाडीची उंची बदलली, की आपण कायद्याच्या कचाट्यात शिरतो. अपघात झाला, तर न कळवलेल्या बदलाचे कारण पुढे करून विमा कंपनी दावा अडवू शकते. थारला नोव्हेंबर २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत चार तारे मिळाले. ते मूळ उंचीच्या गाडीला मिळाले, उंचावलेल्या गाडीला नव्हे.

पण या कडक कायद्याची अंमलबजावणी कशी होते? खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची असते आणि तोवर त्याला योग्यता तपासणीला जावे लागत नाही. म्हणजे कल्याणच्या परिवहन कार्यालयात ‘एमएच ०५’ क्रमांक मिळालेली गाडी दुसऱ्याच महिन्यात उंचावली, तर तिचे सांधे, ब्रेकचे होज आणि धक्काशोषक कोणी अभियंता पुढची १५ वर्षे पाहणारच नाही. नाक्यावरचा पोलीस काळ्या काचा आणि कर्कश भोंगा ओळखतो. चुकीच्या लांबीचा धक्काशोषक त्याला दिसणे शक्य नाही. परिणामी, मापे घेऊन नीट काम करणारा आणि चकती ठोकून मोकळा होणारा, दोघेही कायद्यापुढे सारखेच दोषी आणि व्यवहारात सारखेच मोकळे. चांगल्या कामाला बक्षीस नाही, वाईट कामाला धाक नाही.

अन्यत्र यावर मार्ग काढला गेला आहे. ऑस्ट्रेलियातील बहुतेक राज्यांत सस्पेन्शनची साधारण ५० मिमीपर्यंतची उंची वेगळ्या प्रमाणपत्राशिवाय चालते. त्याहून अधिक हवी असेल, तर मान्यताप्राप्त अभियंत्याचे प्रमाणपत्र लागते. जर्मनीत असे बदल अधिकृत तपासणी संस्थेकडून नोंदवून घ्यावे लागतात. आपल्याकडे सीएनजीच्या संचांना मान्यता देण्याची व्यवस्था आहेच. तशीच व्यवस्था स्प्रिंग आणि धक्काशोषकाच्या जुळवलेल्या संचांसाठी उभी करण्यास अडचण नसावी. १९६६ पासून वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था पुण्यात आहे. ठरावीक उंचीपर्यंत, तपासलेल्या संचासह, परिवहन कार्यालयात नोंद करून बदल करू द्यावा. बाकीच्यांवर मात्र कारवाई व्हावी.

याची निकड कोणाला, असे विचारले जाईल. ती गाडीत बसलेल्यापेक्षा बाहेर चालणाऱ्याला अधिक आहे. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाख ६ हजार होती, आणि शहराचे क्षेत्रफळ जेमतेम १३ चौरस किलोमीटर. कॅम्पांतील अरुंद गल्ल्यांत शाळेची मुले, हातगाड्या आणि दुचाकी एकाच पट्ट्यातून वाट काढतात. तेथे बॉनेट तीन इंच वर गेले, की समोरचे लहान मूल चालकाच्या नजरेआड जाते, बम्पर दुचाकीस्वाराच्या छातीशी येतो आणि न जुळवलेला दिवा समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो. खड्ड्यापासून स्वतःला वाचवण्याच्या नादात आपण तो धोका खाली ढकलतो, आणि खाली उभे असतात ते नेमके उंच गाडी न परवडणारे लोक.

आडवाटेची हौस असणे यात गैर काहीच नाही. ज्याला सह्याद्रीच्या पायवाटा खुणावतात, त्याने गाडी जरूर तयार करावी. फक्त आधी वजनकाट्यावर जावे, मग फूटपट्टी हाती घ्यावी आणि सर्वांत शेवटी पाकीट उघडावे. रोजच्या कल्याण-बदलापूर प्रवासासाठी मात्र कोणालाही गाडी उंचावावी लागू नये, ही जबाबदारी तीन नगरांच्या प्रशासनांची आणि रस्ते बांधणाऱ्या यंत्रणांची आहे. न्यायालयाने भरपाईचा दर ठरवून दिला आहे. रस्ता दुरुस्त करणे स्वस्त की भरपाई देणे, एवढा हिशेब आता त्यांनी मांडावा.